गेटाजवळचा काळा डाग

तिवसा
१० ऑगस्ट २०२५, रविवार

श्यामभाऊ,

मोबाईलवर तुमी मले ब्लॉक केलं. पोस्टमनले कसं ब्लॉक करसान? म्हनून हे पत्र. आंधी बायकोले, पौर्णिमाले, वाचाले देजा, नाई तं तिले वाटन वयनी या वयात दिराले चिठ्ठ्या धाडून राहिली. माह्यं अक्षर सातवीतलंच हाय, हसू नोका.

काम साधं हाय. मागच्या साली गेटापासून पोर्चपर्यंत सिमेंट टाकून घेतलं. पांढरं फटक, त्याच्यावर भाकर थापावी असं. आठ दिवसापासून त्याच्यावर ऑइलचा डाग पडला. पयले पुरीएवढा होता, आता पोळपाटाएवढा झाला. कशानं काढाचा ते सांगा. तुमी बारा वर्षं गॅरेज चालवलं, तुमाले नाई तं कोनाले इचारू?

आता तुमी म्हनसान, वयनीच्या घरी ऑइल कुठून आलं. गाडी तुमच्या भावाचीच. चंद्रभानची. घेतलं नाव, आता कोन हटकते मले. चार वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, आचलनं बाहेर काढली. तिले अमरावतीले एका दवाखान्याच्या लॅबमधे नोकरी लागली. एक सप्टेंबरपासून सकाळी सातले हजर पायजे, आन त्या टायमाले पोचवनारी बस इथून नाई. म्हने, "बाबाची गाडी हाय ना." मी म्हनलं, स्कूटी घे. म्हने, "नाई, हेच." कोनावर गेली ते तुमाले माहीत हाय. तुमीच म्हनत होते, एक वेळ रस्त्यातला रेडा हटन पन आपला दादा हटनार नाई.

किका मारून मारून तिसऱ्या दिवशी गाडी चालू झाली आन दुसऱ्या मिनिटाले खालून टपटप सुरू. मी बोट लावून वास घेतला. इंजिनाचंच हाय. डाव्या अंगानं, चेनीच्या बाजूनं गळते. तिकडून गळलं का मागच्या चाकावर उडते, हे तुमाले मी काय सांगू.

मले माहीत हाय, हे वाचून तुमी पत्र खाली ठेवलं असन. चार वर्षाआंधी दसऱ्याच्या संध्याकाळी तुमचे भाऊ बहिनीले, मैनाबाईले, सोनं द्याले कुऱ्ह्याले निघाले आन फाट्याच्या वळनावर मागचं चाक घसरलं. डोकं पुलाच्या कठड्यावर. चाकाले ऑइल होतं. दोन दिवसाआंधी तुमीच त्या गाडीचं ऑइल अडवनारं रबराचं सील बदललं होतं. लोक म्हनले सील नीट बसवलं नाई. तुमी बी तेच म्हनले, लोकाइच्या आंधी.

तवापासून तुमी पाना हातात घेतला नाई का तिवस्यात पाय ठेवला नाई. जो मानूस गल्लीच्या कोपऱ्यावरून आवाज ऐकून सांगे का गाडीले काय झालं, तो अकोल्याले कापसाच्या गोदामात वजनकाट्यावर बसते.

एक तारखेले आचल त्या गाडीवर बसन. तिचं मी ऐकून घेत नाई आन ती माह्यं. दुसऱ्या कोनाच्या हातावर माह्या भरोसा नाई. तुमी या, गाडी पाहा आन जा. माह्या हातचा चहा नोका घेऊ, नाई घ्याचा तं.

तुमची वयनी,
जमुना

डागाचं सांगाच.


तिवसा
१८ ऑगस्ट, सोमवार

श्यामभाऊ,

कार्ड भेटलं. चार ओळी. "कोरडी राख टाका. पाणी टाकू नका. गाडी भंगारात द्या. मी येणार नाही." ना वयनी, ना नमस्कार. वजनकाट्यावर बसून बसून तुमी बोलनं बी तोलून द्याले लागले.

आन उशीर केला तुमी. मी आंधीच बादलीभर पानी ओतलं होतं. डाग गेला नाई, फिराले निघाला. नालीपर्यंत इंद्रधनुष्य. मंग शेजारचे खुशालराव कमरेवर हात ठेवून आले. "जमुनाबाई, डिझेलनं पुसा, मी सांगतो." डिझेलनं पुसलं तं पोळपाटाची परात झाली. मी म्हनलं, "खुशालराव, आता तुमच्या दारापुढं करून पाहू का?" तवापासून ते आमच्या गेटापाशी रेंगाळत नाईत.

तुमच्या कार्डापरमानं मंग चुलीतली राख दाबून टाकली, रातभर ठेवली. सकाळी झाडली तं वरचं ऑइल राखेनं पिऊन घेतलं होतं. राह्यलेल्यावर धुन्याचा पावडर कोरडाच टाकून ताराच्या ब्रशानं घासून राहिली. खांदा गेला माह्या. पन खालून गाडी गळतेच हाय, मी घासतोच हाय. सासूसुनेसारखं चाललं.

कार्ड आचलले वाचून दाखवलं. ती म्हने, "काका घाबरतात."

मी म्हनलं, "त्याले घाबरनं नाई म्हनत."

"मंग काय म्हनतात?"

तिले म्हनलं, "भाजी पाहाय, करपून राहिली." ती आत जाऊन आली आन म्हने, "आई, तू भाजी चढवलीच नाई."

तुमाले तेरवीची पंगत आठवत असन. तुमच्या पानाच्या दोन्ही बाजूनं जागा रिकामी होती. मैनाबाई सगळ्याइपुढं म्हनल्या, "एका भावानं दुसऱ्याले मारलं." सख्खी बहीन तुमची. तुमी पानावरून उठले. मी वाढत होती, वरनाचं भांडं माह्या हातात होतं. तुमी माह्याकडं पाह्यलं. मी पुढच्या पानावर वरन वाढलं.

हे काहून लिहिलं कोन जाने. डागाचं लिहाचं होतं.

गाडी भंगारात जानार नाई. तेरा दिवस राह्यले. तुमी या.

जमुना


तिवसा
२४ ऑगस्ट, रविवार

श्यामभाऊ,

तुमी आले नाई, म्हनून ओमप्रकाशले बोलावलं. तुमच्या गॅरेजात शिकला तोच. आता त्याचं सोताचं दुकान हाय, पोट बी सोताचं हाय, खाली बसला का उठाले दोन जन लागतात. त्याले म्हनलं, "तू इंजिन पाहाय, तुले मी पाहतो."

त्यानं चेनीकडचं झाकन खोललं. आत डोकं घालून बसला. मले वाटलं झोपला. मंग म्हने, "वयनी, इकडं या जरा."

मी वाकली. त्यानं बॅटरी मारली. म्हने, "हे सील श्यामभाऊनं बसवलेलं. हा पाहा नेलपॉलिशचा ठिपका. बोल्ट आवळला का लावत होते, कोनी मागून खोललं तं समजाले." तुमी पौर्णिमाची शिशी चोरून आनत होते आन ती आमच्यावर आळ घेत होती, ते मले आठवलं. ठिपका जसाच्या तसा होता. कोनी हात लावला नव्हता.

मंग त्यानं सीलाच्या भवतालची धूळ बोटानं काढली आन माह्या तळव्यावर ठेवली. कोरडी. पिठासारखी.

"हे सील गळलं असतं तं या धुळीचं डांबर झालं असतं," म्हने. "हे गळलंच नाई, वयनी. तवा बी नाई आन आज बी नाई. आज गळते ते खालचं, गिअरच्या दांड्याचं. उभ्या उभ्या रबर कडक झालं, आता चिरलं. ते मी बदलून देतो."

श्यामभाऊ, तुमचं सील चांगलं होतं. एकदा परत लिहितो. तुमचं सील चांगलं होतं. तुमचा हात चुकला नाई.

ओमप्रकाश ऑइलच्या हातानंच डोकं खाजवत म्हने, "मंग त्या दिवशी चाकावर ऑइल आलं कुठून?"

मी म्हनलं, चहा आनतो. आत गेली. चहा आटून आटून भांड्याले चिकटला तरी मी बाहेर आली नाई.

संध्याकाळी पौर्णिमाले फोन केला. तिच्यावर रागावू नोका, ती लपून बोलते. तिनं सांगतलं का तुमी गोदामाले पायी जाता, आन मागून मोटरसायकल आली का रस्ता सोडून उभे राहता. एका शोरूमवाल्यानं दोनदा घरी येऊन बोलावलं, तुमी त्याले पानी बी इचारलं नाई. तिले सीलाचं सांगतलं तं ती रडाले लागली. मंग म्हने, "ताई, ते मानतीन नाई. म्हनतीन, मंग ऑइल कुठून आलं?"

रात्री जेवता जेवता आचलनं बी तेच इचारलं. मी म्हनलं, "रस्त्यावर कोन्या ट्रकचं सांडलं असन."

ती म्हने, "असन." आन जेवाले लागली.

आज इतकंच. बाकीचं लिहाले बसली होती, पन हात चालत नाई.

जमुना


तिवसा
२८ ऑगस्ट, गुरुवार, दुपार

श्यामभाऊ,

हे पत्र पौर्णिमाले वाचून दाखवाले लावू नोका. सोता वाचा.

आज सकाळी आचल गाडी धुवून राहिली होती. मी आत कनीक मळत होती. खिडकीतून पाह्यलं तं ती मागच्या चाकापाशी उकिडवी बसलेली. बाजूले ओमप्रकाशनं इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल, आइस्क्रीमच्या डब्यात. तिच्या हातात फडकं. फडकं डब्यात बुडवलं, पिळलं.

मी कनकीच्या हातानं धावली. डब्याले लाथ मारली. ऑइल सगळ्या सिमेंटवर, गाडीवर, तिच्या ड्रेसवर. आन मी तिले मारलं. बावीस वर्षात पयल्यांदा.

ती रडली नाई. म्हने, "आई, तू दसऱ्याले करत होती ना? तुझंच पाहून करून राहिली. चाक कसं चकाकत होतं."

तिनं माह्याकडं पाह्यलं, मंग चाकाकडं पाह्यलं. लॅबचं शिकलेली पोरगी, एका थेंबावरून तिले समजते.

"त्या दसऱ्याले बी लावलं होतं?"

मी म्हनलं, "व्हय."

आता तुमाले सांगतो. पूर्ण सांगतो.

दर दसऱ्याले तुमी गाडी धुवत होते, मी हळद-कुंकू लावत होती, आन तुमची पाठ वळली का फडक्यानं चाकाच्या बाजूले जळकं ऑइल फिरवत होती. चाक काळं कुळकुळीत दिसे. तुमी दरसाली बोंबलत होते. "वयनी, किती वेळा सांगू, रबराले ऑइल नाई लावाचं." तुमचं नाक लाल होई, आन मले त्याची मजा. तुमाले चिडवल्याशिवाय माह्या सन पुरा होत नव्हता.

त्या साली तुमी हार घातला आन जेवाले बसले. मी म्हनलं, यावर्षी श्यामभाऊले असं चिडवीन का चार दिवस बोलनार नाईत. बाजूलेच नाई, पूर्ण चाकाले लावलं. जिथं चाक रस्त्याले टेकते तिथं बी. खाचाखाचात बोट घालून लावलं. मंग हौदावर हात धुवाले गेली. वाटलं, तुमी बाहेर येसान, पाहसान, ओरडसान, आन मी पदर तोंडाले लावून हसीन.

तुमी दुसऱ्यांदा भात घेतला. तुमचे भाऊ आंधी उठले. आपट्याची पानं वरच्या खिशात घातली आन किक मारली. मी हौदावरच होती. त्याइनं मले हात केला, मी ओल्या हातानंच हात केला. हाक मारून थांबवाले दोन पावलांची जागा होती. मले ध्यानातच आलं नाई का चाक घसरते. मले ऑइल म्हनजे चमक, एवढंच माहीत. तुमी नाई लावाचं म्हनत होते ते काहून, हे मी कधी इचारलंच नाई. मले वाटे तुमी उगाच मास्तरकी करता.

फाट्यावर लोकाइनं चाक पाह्यलं. कोनी म्हनलं सील फुटलं. तुमी गुडघ्यावर बसून चाकाले हात लावला, हात पाह्यला, आन म्हनले, "माह्या हात चुकला." मी तुमच्या मागं उभी होती. मले त्याच टायमाले समजलं. नंतर समजलं असं म्हननार नाई. त्याच टायमाले.

काहून बोलली नाई, ते बी सांगतो. आचल अठराची होती, मले मिठी मारून उभी होती. मले भेव वाटलं का हिचा बाप गेला, आता मी बोलली तं ही मायचं बी तोंड पाहनार नाई. एक कोनी जाईन, मंग तुमी जा, असं माह्या मनानं ठरवलं. तुमाले जाऊ देलं मी. तेरवीले जाऊ देलं, गॅरेजची किल्ली उंबऱ्यावर ठेवून गेले तवा बी जाऊ देलं. पौर्णिमा पदराले डोळे पुसत सामान बांधत होती, मी तिले दोरी आनून देली.

माफी मागून राहिली नाई. माफी मागितली का ते देनं न देनं तुमच्याच डोक्यावर येते. आंधीच लय ठेवलं मी त्या डोक्यावर.

आचल खोलीत हाय. दाराले आतून कडी. मघा बाहेरूनच इचारलं, एक तारखेचं काय? आतून म्हने, "त्याच गाडीवर जानार." माह्या लाथेनं त्या मागच्या चाकावर ऑइल उडालं हाय, श्यामभाऊ. मी पुसाले गेली तं ती धावून आली, म्हने, "तू गाडीले हात लावू नोको." आन सोता पुसते ते नुसतं कापडानं. मी किती सांगू, माह्यं आता कोन ऐकते. चाकावरचं ऑइल कशानं निघते ते सांगा. सिमेंटचं नाई इचारून राहिली. सिमेंट जाऊ द्या खड्ड्यात. तुमी सांगतलं तं ती ऐकन. तीन दिवस राह्यले.

जमुना


तिवसा
४ सप्टेंबर, गुरुवार

श्यामभाऊ,

मागचं पत्र तुमाले कागदावर भेटलं नाई, ते माहीत हाय. मी पाकीट चिकटवत होती तं आचल खोलीतून बाहेर आली. माह्या हातातून कागद घेतले, उभ्यानंच वाचले, मोबाईलवर एकेक पानाचा फोटो काढला आन पौर्णिमाले पाठवला. म्हने, "पोस्टानं जाईपर्यंत तुझं मन बदललं असतं." खोटं नाई बोलली.

तुमी रविवारी यष्टीतून उतरले ते मले गच्चीवरून दिसलं. खांद्यावर नवा टायर. कंडक्टरनं त्याचं बी तिकीट फाडलं का, हे इचाराचं तोंडावर आलं होतं. मी ओठ चावला.

चार तास तुमी अंगनात होते. मले एक शब्द बोलले नाई. मी पायरीवर बसली, उठ म्हनसान तं उठीन म्हनून. जुनं चाक काढताना पाना नटावर बसेना. आचलनं हात पुढं केला तं तुमी मान हलवली. तीनदा घसरला, चौथ्यांदा बसला. त्याच्यानंतर एकदा बी घसरला नाई. मंग तुमी ब्रेक खोलला, चेन पाह्यली, ओमप्रकाशनं बसवलेलं सील पाह्यलं, त्याले फोन करून शिव्या घातल्या का बसवलं चांगलं पन झाकन धुतलं काहून नाई. तिकडून तो हसत होता, आवाज मले आला. मंग तुमी मान न वळवता म्हनले, "तेराचा पाना." मी पेटीतून काढून देला. तुमी घेतला. कोनाच्या हातातून घेतला ते पाह्यलं नाई.

पानी खुशालरावाच्या घरचं पेले, रातले झोपले बी तिथंच. बरोबर केलं.

सोमवारी पहाटे तुमी आचलच्या मागं गाडीवर बसून अमरावतीले गेले, तिथून परस्पर अकोल्याले. तिनं सांगतलं का पयले दहा किलोमीटर तुमी मागचा दांडा दोन्ही हातानं धरून डोळे मिटून बसले होते, आन मंग तिचा गिअर चुकला तसे तिच्यावर ओरडाले लागले ते अमरावती येईपर्यंत. हे सांगताना ती थोडी हसली. माह्याशी चार दिवसात तेवढंच. बाकी डबा घेते, हेल्मेट घालते, जाते. गाडी घरी आली का मी तिच्या नाई, चाकाच्या आवाजाकडं कान देतो. मंग ती आत येते, सरळ खोलीत जाते. किती दिवस, ते तिलेच माहीत.

माह्यं काम मी सोमवारीच सुरू केलं. तेरवीच्या पंगतीत जे जे बसले होते, त्याइच्या घरी जाऊन सांगून राहिली. श्यामभाऊचं सील चांगलं होतं, चाकाले ऑइल मी लावलं. एवढंच सांगतो, बसत नाई. कोनी म्हनते, आता काय उपेग. कोनी पानी देते. माहे चुलतसासरे म्हनले, "बाईमानसानं हे बोलून दाखवाचं नसते." मी म्हनलं, "बाईमानसानं केलं, तं बाईमानूसच बोलन." खुशालराव म्हनले, "जाऊ द्या, जमुनाबाई, झालं गेलं." त्याइले म्हनलं, "जाऊ नाई देत. तुमचं तोंड मोठं हाय, चौकात सांगा. चार वर्षं श्यामभाऊचं सांगत होते, आता माह्यं सांगा." सांगून राहिले ते. काल भाजीवालीनं मले तोलता तोलता हात थांबवला आन पाहत राहिली.

आता एकच घर राह्यलं. मैनाबाईचं.

तिले कोनीतरी आंधीच सांगतलं. तिचा निरोप आला, आपल्या दारात पाय ठेवू नोको म्हनून. ती सोन्याची वाट पाहत ओवाळनीचं ताट घेऊन उंबऱ्यावर बसली होती त्या संध्याकाळी, तिचं बरोबर हाय. पन तिनं तुमचं नाव भरल्या पंगतीत घेतलं होतं, आन ते तिच्याच तोंडून परत घेतलं गेलं पायजे.

दहाच्या गाडीनं कुऱ्ह्याले निघून राहिली. दार उघडलं तं आत जाऊन सांगीन. नाई उघडलं तं रस्त्यावर उभी राहून सांगीन, तिच्या गल्लीतल्या शेवटच्या घराले ऐकू जाईन इतक्या मोठ्यानं.

जमुना